मद्यासक्ती : बौद्धिक क्षमतेची पुनःप्राप्ती

दीर्घकाळ चाललेले मद्यसेवन थांबविल्यानंतर स्मृती, अवधान, विचारशक्ती व निर्णयक्षमता यांत क्रमशः होणाऱ्या सुधारणेस बौद्धिक क्षमतेची पुनःप्राप्ती म्हणतात. ही सुधारणा सर्व रुग्णांत सारखी नसते. काहींमध्ये ती जवळजवळ पूर्ण होते, काहींमध्ये अंशतः होते, तर काहींमध्ये स्मृतीची हानी कायम राहते. मद्यपी व्यक्तीची ढासळलेली बुद्धी म्हणजे तिच्या दुर्वर्तनाचे अटळ फळ, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. सु. दोन शतकांच्या निरीक्षणांनंतर ती मागे पडली आणि हा प्रश्न नीतीच्या क्षेत्रातून वैद्यकाच्या क्षेत्रात आला.

प्राचीन भारतीय वैद्यक : चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय मदात्यय या विकाराविषयी आहे. मद्यामुळे येणाऱ्या मदाच्या तीन अवस्था त्यात वर्णिल्या असून विवेकाचा उत्तरोत्तर होणारा लोप हे त्यांचे लक्षण सांगितले आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही पानात्ययाचे विवेचन आढळते. अहितकर सवय एकाएकी न मोडता पादांशाने, म्हणजे चतुर्थांशाच्या टप्प्यांनी, कमी करावी असा नियम चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहे. सवय अचानक तोडल्यास शरीरास अपाय होऊ शकतो, याची जाणीव त्यामागे दिसते.

रोगकल्पनेचा उदय : अमेरिकन वैद्य बेंजामिन रश (१७४६–१८१३) यांनी तीव्र मद्यांच्या शारीरिक व मानसिक दुष्परिणामांवर १७८४ च्या सुमारास एक पुस्तिका लिहिली. ब्रिटिश नौदलात वैद्य म्हणून काम केलेले टॉमस ट्रॉटर (१७६०–१८३२) यांनी १८०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मद्यपानाची सवय हा मनाचा रोग असल्याचे प्रतिपादन केले. स्वीडिश वैद्य मॅग्नस हुस (१८०७–९०) यांनी १८४९ मध्ये चिरकारी मद्यविकारास ‘आल्कोहोलिस्मस क्रॉनिकस’ असे नाव दिले. यांतून मद्यपीकडे रुग्ण म्हणून पाहण्याची वाट मोकळी झाली. तथापि मद्याने मेंदूत नेमके काय घडते आणि ते उलटविता येते काय, हे प्रश्न अनुत्तरितच होते.

व्हेर्निके व कोर्साकोव्ह : जर्मन तंत्रिकाविज्ञ कार्ल व्हेर्निके (१८४८–१९०५) यांनी १८८१ मध्ये तीन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. डोळ्यांच्या हालचालींतील बिघाड, चालताना जाणारा तोल आणि मनाचा गोंधळ ही त्यांची प्रमुख लक्षणे होती. तिन्ही रुग्ण दगावले. त्यांपैकी दोघे मद्यपी पुरुष होते. तिसरी मात्र गंधकाम्ल प्यायलेली व त्यानंतर सतत वांत्या होत असलेली तरुणी होती. विकाराचे मूळ केवळ मद्यात नसावे, याचा संकेत या तिसऱ्या रुग्णाने दिला होता. परंतु त्याचा अर्थ लागण्यास अर्धशतक जावे लागले.

रशियन मनोविकारतज्ञ सेर्गेई कोर्साकोव्ह (१८५४–१९००) यांनी १८८७ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखांत एका विशिष्ट स्मृतिभ्रंशाची नोंद केली. अशा रुग्णास जुन्या गोष्टी आठवतात, संभाषणही नीट करता येते. परंतु नुकतीच घडलेली घटना त्याच्या स्मरणात राहत नाही. स्मृतीतील रिकाम्या जागा तो नकळत कल्पित हकीकतींनी भरून काढतो. या हकीकती लबाडीने सांगितलेल्या नसतात, हे ध्यानात घेणे कुटुंबीयांच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

जीवनसत्त्वाचा शोध : जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान (१८५८–१९३०) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सडलेल्या तांदळावर वाढविलेल्या कोंबड्यांत बेरीबेरीसारखा विकार पाहिला. पुढील संशोधनातून थायामीन (ब१ जीवनसत्त्व) हे द्रव्य १९२६ मध्ये वेगळे करण्यात आले व १९३६ मध्ये त्याचे संश्लेषण झाले. मद्यपीचा आहार अपुरा असतो आणि मद्यामुळे आतड्यातील थायामिनाचे शोषणही घटते. व्हेर्निके यांच्या तरुण रुग्णेच्या पोटात वांत्यांमुळे अन्न टिकत नव्हते. त्यामुळे वरवर भिन्न दिसणाऱ्या या रुग्णांतील समान दुवा स्पष्ट झाला. थायामीन वेळीच टोचून दिल्यास डोळ्यांच्या हालचाली काही तासांत वा दिवसांत सुधारू लागतात. विलंब झाल्यास स्मृतीची हानी कायम राहण्याचा धोका असतो.

मॉरिस व्हिक्टर, रेमंड ॲडम्स व जॉर्ज कॉलिन्स या अमेरिकन संशोधकांनी या दोन्ही विकारांवरील आपला बृहद्‌ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी दीर्घकाळ पाहिलेल्या कोर्साकोव्ह विकाराच्या रुग्णांपैकी सु. एक-पंचमांश जणांची स्मृती जवळजवळ पूर्ववत झाली, तर सु. एक-चतुर्थांश जणांत सुधारणा आढळली नाही. उरलेल्यांत ती कमी-अधिक प्रमाणात झाली. असाध्य समजल्या गेलेल्या विकारातही काही अंशी आशा असल्याचे यावरून दिसून आले.

मद्यविरामाची अवस्था : हातापायांचा कंप, भास व तीव्र गोंधळ यांनी युक्त अशा कंपोन्मादाचे वर्णन टॉमस सटन यांनी १८१३ मध्ये केले होते. तो मद्याने होतो, उपासमारीने होतो की मद्य थांबविल्याने, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. अमेरिकेतील लेक्झिंग्टन येथे हॅरिस इझबेल व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पूर्वी मॉर्फिनाचे व्यसन असलेल्या दहा बंदिवान स्वयंसेवकांना पुरेशा आहारासह मद्य देण्यात आले. दीर्घकाळ मद्य घेतलेल्यांत ते बंद करताच कंप, भास व झटके उद्‌भवले. आहार पुरेसा असल्याने मद्यविराम हेच कारण असल्याचे सिद्ध झाले. बंदिवानांवर केलेले असे प्रयोग आजच्या नैतिक निकषांवर मात्र मान्य होणार नाहीत.

मद्य मेंदूतील शमनकारी प्रेषणास साहाय्य करते व उद्दीपक प्रेषण दडपते. सततच्या मद्यसेवनाशी मेंदू जुळवून घेतो आणि मद्य एकाएकी थांबले की हे संतुलन उद्दीपनाच्या बाजूस झुकते. कंपोन्माद साधारणतः शेवटच्या मद्यपानानंतर दोन ते चार दिवसांत उद्‌भवतो व तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणून तीव्र आसक्ती असलेल्या रुग्णाने वैद्यकीय देखरेखीखालीच मद्य सोडणे इष्ट असते.

प्रतिमादर्शनाने दिलेला पुरावा : संगणकीकृत छेददर्शनाचे तंत्र १९७० नंतर उपलब्ध झाल्यावर मद्यपींच्या मेंदूचा संकोच जिवंतपणीच पाहता येऊ लागला. मेंदूची हानी भरून येत नाही, असा तोपर्यंतचा समज होता. टोराँटो येथील पीटर कार्लन व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये आठ रुग्णांच्या क्रमिक प्रतिमा प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी चौघांत हा संकोच अंशतः कमी झालेला आढळला. मद्यापासून दूर राहिलेले व वागण्या-बोलण्यात सुधारलेले रुग्णही हेच होते. रुग्णसंख्या अल्प असली, तरी या निष्कर्षाने विचारांची दिशा बदलली. चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने झालेल्या नंतरच्या अभ्यासांनीही त्यास पुष्टी दिली. मेथॲम्फेटामीन सोडलेल्या व्यक्तींत मेंदूतील डोपामीन-वाहक प्रथिने वर्षभराहून अधिक काळाच्या विरतीनंतर वाढल्याचे २००१ मध्ये नोरा व्होल्कोव्ह व सहकाऱ्यांनी दाखविले. तथापि बौद्धिक चाचण्यांतील प्रगती त्या मानाने मर्यादित होती.

सुधारणेचा क्रम : पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गोंधळ ओसरतो व सुधारणा वेगाने होते. भाषिक कौशल्ये तुलनेने लवकर सावरतात. अमूर्त विचार, अवकाशज्ञान व नवीन गोष्टी शिकण्याची क्षमता यांस अनेक महिने, कधी वर्षेही लागतात. तरुणांत सुधारणा अधिक जलद होते. वार्धक्य, डोक्यास झालेली इजा, यकृतविकार व पुन्हा सुरू झालेले मद्यपान यांमुळे ती खुंटते. या क्रमाचा व्यवहारात मोठा अर्थ आहे. आरंभीच्या आठवड्यांत रुग्ण उपदेश विसरतो, दिलेला शब्द पाळू शकत नाही. त्याचा पुष्कळदा कोडगेपणा म्हणून निषेध होतो. वास्तविक ज्या बुद्धीने त्याने निश्चय पाळावयाचा, तीच अद्याप पूर्ण सावरलेली नसते. म्हणून या काळात थोडक्यात व पुनःपुन्हा सांगणे, दिनक्रम ठरवून देणे आणि मोठे निर्णय पुढे ढकलणे श्रेयस्कर ठरते.

उपचारसंस्था : अमेरिकेत १९३५ मध्ये ॲक्रन येथे बिल विल्सन व डॉ. रॉबर्ट स्मिथ यांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या परस्परसाहाय्य चळवळीचा पाया घातला. केवळ ‘आजचा दिवस’ मद्याविना काढण्याचा तिचा आग्रह दुर्बल झालेल्या निर्णयशक्तीस पेलणारा आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ मध्ये मद्यासक्तीस आजार म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात १९८० नंतरच्या दशकात गर्दच्या व्यसनाने गंभीर रूप धारण केले असता, डॉ. सुनंदा अवचट व अनिल अवचट (१९४४–२०२२) यांनी पुणे येथे १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र स्थापन केले. पु. ल. देशपांडे यांचे अर्थसाहाय्य त्यास लाभले. औषधोपचारांबरोबरच समुपदेशन, समूहोपचार, कुटुंबीयांचा सहभाग आणि केंद्रातून घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा यांवर तेथे भर देण्यात आला. मेंदूस सावरण्यास लागणारा अवधी रुग्णालयातील वास्तव्याहून पुष्कळ मोठा असल्याने, असा पाठपुरावा उपचाराचाच अविभाज्य भाग होय.