मालमोटारीचा सांगाडा आणि प्रवाशाचें पाऊल

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुकेळीची खिंड ओलांडून कोलाडकडे जातांना खांब हें गांव लागतें. तेथील थांब्यावर एकदां एक वृद्ध बाई तांदुळाचें लहानसें पोतें घेऊन उभ्या होत्या. गाडी आली, ती कोणाची हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण त्या रस्त्यावरील बहुतेक गाड्या तशाच. पहिली पायरी बाईंच्या गुडघ्याशीं येत होती. त्यांनीं दांडी धरली, दोनदां पाऊल उचलून पुन्हां खालीं ठेवलें, आणि "आजी, हात द्या" म्हणून आंतून कोणीं हात पुढें केला तेव्हां त्या वर गेल्या. माणसांसाठीं केलेली गाडी इतकी उंच कां असावी, हा प्रश्न आम्हांस तेव्हांपासून लागून राहिला.

मूळ गोष्ट अशी कीं, प्रवाशांची मोटार ही जन्मानें मालमोटार आहे. दोन लांब पोलादी तुळया व त्यांस सांधणाऱ्या आडव्या पट्ट्या असा हा शिडीसारखा सांगाडा. त्याच्या खालीं पाटे आणि पाट्यांखालीं चाकांचा आंस. खड्ड्यांत चाक उसळलें म्हणजे आंसास वर येण्यास जागा हवी, म्हणून तुळया आणखी उंच. मालास ही उंची जाचत नाहीं. हमालाच्या पाठीवरील पोतें हौद्याच्या कडेला सहज टेकतें. परंतु त्याच सांगाड्यावर बांकें बसविलीं कीं गाडीची जमीन सुमारें तीन फूट वर जाते, आणि भार उंचावल्यामुळें वळणावर गाडी अधिक कलते.

युरोप-अमेरिकेंतील कारागिरांनीं १९२० नंतर या दोषावर उपाय शोधले. तुळई सरळ न ठेवतां आंसापाशीं तिला वर बांक द्यावयाचा आणि दोन आंसांमधील भाग खालीं घ्यावयाचा, ही मुख्य युक्ति. १९२३ सालीं लंडनमध्यें आलेल्या 'एन्. एस्.' जातीच्या दुमजली गाडीचा सांगाडा असाच उतरविलेला होता, आणि तींत एका पायरीनें चढतां येई. गाडी एवढी ठेंगणी होऊनहि तिच्या वरच्या मजल्यावर छप्पर घालण्यास तेथील पोलिसांनीं १९२५ पर्यंत संमति दिली नाहीं! पुढें लेलँड कंपनीच्या रॅकहॅम या अभियंत्यानें १९२७ च्या 'टायटन' गाडींत आणखी एक अडथळा दूर केला. इंजिनाची शक्ति मागच्या चाकांकडे नेणारा दांडा मधोमध असतो, आणि जमीन खालीं आणूं गेल्यास तोच आड येतो. रॅकहॅमनें तो दांडा व आंसावरील दंतचक्रांची पेटी एका बाजूस सरकविली. आमच्या मतें या सर्व इतिहासांतील सर्वांत चतुर कृति हीच.

जुन्या मालमोटारीचा सांगाडा कापून ती ठेंगणी करण्याचा छंद अमेरिकेंत अनेकांस असतो. पाट्यावर बसलेली तुळई तशीच ठेवून आंस पाट्याखालून काढून पाट्यावर नेला, तर गाडी कांहीं इंच खालीं येते. पण मग उसळलेला आंस तुळईवर आपटतो. म्हणून तेथें तुळईस खांच पाडतात आणि खांचेभोंवती जाड पत्रा जोडून गेलेलें बळ परत आणतात. सांधा कच्चा राहिला तर तुळई नेमकी तेथेंच दुभंगते. हौसेच्या गाडीस हें चालेल. पन्नास माणसें नेणाऱ्या गाडीस सांगाडा कारखान्यांतच तसा घडवावा लागतो.

आपल्याकडे मुंबईंत १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस धांवली, आणि १९३७ सालीं दुमजली गाड्या आल्या. खेड्यांचा प्रवास मात्र निराळ्या वाटेनें गेला. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी निघाली, तेव्हां गाड्या बेडफर्डच्या, अंग लाकडी आणि बैठका काथ्याच्या होत्या. पुढें टाटा व लेलँड यांच्या सांगाड्यांवर दापोडीसारख्या कारखान्यांत गाड्या बांधल्या जाऊं लागल्या. इंजिन, पाटे, चाकें हीं मालमोटारींच्याच घराण्यांतलीं. वाटेंत बिघाड झाला तर मालमोटार दुरुस्त करणारा कोणीहि मिस्त्री हात घालूं शकतो. शिवाय कोंकणांतला पावसाळा! रस्त्यावर पाणी चढलें म्हणजे उंच गाडीच पार होते, असें चालक सांगतात, आणि तें खोटें नाहीं. पण वर्षांतील थोड्या दिवसांच्या पाण्यासाठीं बारा महिने म्हाताऱ्यांनीं धडपडावें, हा हिशेब आम्हांस पटत नाहीं.

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयींच्या कायद्यानें प्रवासी वाहनें सोयीचीं करावीं असें सांगितलें, मात्र आर्थिक ऐपतीची मर्यादाहि घातली. २००८ मध्यें शहरी गाड्यांसाठीं मानकें ठरलीं. त्यांत जमिनीची उंची ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशी धरली आहे. चारशांची गाडी शहरास मिळते. लांब पल्ल्याच्या गाडीस सामानाचा कप्पा जमिनीखालीं हवा असतो, म्हणून तिची जमीन पुन्हां वर जाते. खांबच्या आजींचें तांदुळाचें पोतें वाहकानें त्या दिवशीं खालच्या कप्प्यांतच ठेवलें. त्याचें दार रस्त्यापासून हातभरच उंच होतें.