अर्जातले रकाने

महाविद्यालयाच्या कचेरीत मी १९७९ ते २०१० अशी एकतीस वर्षे कारकुनी केली. त्यातली बहुतेक वर्षे शिष्यवृत्तीचे अर्ज माझ्याच टेबलावर असत. तापीला गढूळ पाणी आले की खिडकीपाशी रांग लागायची. लालबाग, शनवारा, सिंधीपुरा, इतवारा इथली शहरी मुले आणि शहापूर, इच्छापूर, खकनारकडून एस.टी.ने आलेली खेड्यातली मुले. मुले हिंदीत बोलायची, बाहेर थांबलेल्या आया मराठीत. अर्ज हिंदीतला. त्यात नाव, बापाचे नाव, जात, धर्म, उत्पन्न, मूळ निवासी कुठले, असे रकाने. माणसाचे अख्खे नशीब त्या चार बोटे रुंदीच्या रकान्यात कसे बसवतात, हे मी तिथे पाहिले.

या शिष्यवृत्तीचे मूळ १९४४ सालात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. दलित मुलांच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी हिंदुस्थान सरकारकडून तीन लाख रुपयांची तरतूद मिळवली. मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्तीचा आरंभ तो. १९४८-४९ मध्ये आदिवासी विद्यार्थीही तीत आले. आमचे बऱ्हाणपूर त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडात, नेमाड जिल्ह्यात होते. राजधानी नागपूर. म्हणजे सरकारदरबारी मराठी चालत होती आणि आमच्या वडीलमाणसांना 'आपण कुठले' हा प्रश्न पडत नव्हता.

मग १९५६ चा शरद ऋतू आला. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर बरोबर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना झाली. नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि आम्ही भोपाळच्या ताब्यात. दोन्ही घटनांवर स्वतंत्रपणे भरपूर लिहिले गेले आहे. पण या दोन्ही एकाच घरावर एकाच महिन्यात येऊन आदळल्या, असे घर आमच्याच भागात सापडेल.

कारण असे की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीला धर्माची अट होती. आरंभी हिंदू, १९५६ पासून शीखही. बौद्ध झालेला माणूस यादीतून बाहेर पडला. त्याची वस्ती तीच, विहीर तीच, गावाची नजर तीच. यादी मात्र त्याला ओळखेना. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती सुरू केल्या. रावेर आमच्याहून भुसावळच्या वाटेवर, पहिलेच मोठे गाव. तिथल्या बौद्ध मुलाला एक नियम आणि आमच्याकडच्या त्याच्या मावसभावाला दुसरा. केंद्राची यादी दोघांनाही बंदच होती. पण रावेरच्या मुलाच्या पाठीशी निदान त्याचे राज्य उभे होते.

१९८३ मधली गोष्ट. यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा गणितात हुशार. अर्ज भरताना मी धर्माच्या रकान्यापाशी थांबलो. 'बौद्ध' लिहिले की अर्ज परत येणार, हे मला ठाऊक होते. 'हिंदू' लिहून शिष्यवृत्ती घेणारे अर्जही मी पाहिले होते आणि त्यांना नावे ठेवायची माझी छाती नव्हती. मी म्हणालो, "दादा, उद्या सकाळपर्यंत विचार करा. रकाना कोरा ठेवतो." दुसऱ्या दिवशी मुलगा एकटाच आला. माझ्या टेबलावरचे शाईचे पेन उचलून त्याने स्वतःच्या हाताने 'बौद्ध' लिहिले, अर्ज माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "बाबांनी सांगितलंय, खोटं लिहायचं नाही." तीन महिन्यांनी अर्ज परत आला. मुलगा पहिल्या वर्षानंतर दिसला नाही. पुढे तो मागावर भेटला. बोलला चांगले, चहाही पाजला.

१९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंगांचे सरकार असताना कायदा बदलला आणि अनुसूचित जातींच्या यादीसाठी हिंदू, शीख यांच्या जोडीला बौद्ध हा शब्द आला. पुढच्याच वर्षी त्याची धाकटी बहीण माझ्या खिडकीशी आली. या वेळी रकाना भरताना मी थांबलो नाही. चौतीस वर्षे लागली त्या एका शब्दाला.

जातीचा रकाना धर्माच्या रकान्याहून जास्त चकवा देणारा. जातींच्या याद्या राज्याराज्याच्या वेगळ्या असतात, हे बाहेरच्या लोकांना खरे वाटत नाही. मध्य प्रदेशात कोळी अनुसूचित जातीत. सीमा ओलांडली की टोकरे कोळी अनुसूचित जमातीत आणि बाकीचे कोळी आणखी कुठे. धोबी भोपाळ, रायसेन आणि सीहोर एवढ्याच जिल्ह्यांत अनुसूचित जातीत. बऱ्हाणपुरात नाही, आणि महाराष्ट्रात परीट इतर मागासवर्गात. आमचे बारेला यावल-चोपड्याकडे पावरा होतात. राज्याच्या आतही पूर्वी विभागवार याद्या होत्या. १९७६ च्या कायद्याने त्यातल्या पुष्कळ भिंती पाडल्या, सगळ्या नव्हेत. दोन राज्यांमधली भिंत मात्र पक्की राहिली. १९९० आणि १९९४ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एका राज्याची अनुसूचित जात माणसाबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही. केंद्राच्या शिष्यवृत्तीत एक दिलासा आहे: मुलगा शिकायला जळगावला गेला तरी पैसे त्याचे मूळ राज्य देते. पण लग्न होऊन रावेरहून आमच्याकडे आलेल्या सुनेला पुढे शिकायचे असेल, तर तिचा जातीचा दाखला माहेरचा, संसार इकडचा. तिच्यासाठी कुठला रकाना, हे मला निवृत्त होईपर्यंत कुणी नीट सांगितले नाही.

उत्पन्नाच्या रकान्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो आकड्यांचा खेळ आहे. द्विभाषिक मुंबई राज्याने १९५९ मध्ये आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना फीमाफी दिली, ती वर्षाला शेकड्यांत मोजायच्या उत्पन्नासाठी. आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत हीच मर्यादा २०१६ मध्ये सहा लाख आणि २०१७ मध्ये आठ लाख झाली. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत २०१० मध्ये दोन लाख होती, २०१३ मध्ये अडीच लाख. २०२० च्या डिसेंबरात केंद्राने खर्चाची वाटणी बदलून साठ-चाळीस केली, पैसा थेट मुलांच्या खात्यात जाऊ लागला. अडीच लाखांची रेघ मात्र हलली नाही. हे मला पटत नाही, आणि का ते वाचक समजून घेतील.

मुलींसाठी मध्य प्रदेशाने २००५ मध्ये 'गाव की बेटी' योजना काढली: खेड्यातली मुलगी बारावीला प्रथम श्रेणीत आली की दहा महिने दरमहा पाचशे रुपये. इच्छापूरची मुलगी बसायची. शहापूरला नगरपरिषद, म्हणून शहापूर गाव नव्हे. शहरातल्या मुलींची योजना निराळी, तिला दारिद्र्यरेषेची अट. आमच्या खिडकीवर यावरून हसूही झाले आणि रडूही.

सर्वांत मोठा घोळ मी निवृत्त झाल्यावर झाला. २०१७ मध्ये मध्य प्रदेशाची मेधावी विद्यार्थी योजना आली. चांगली योजना, पुढच्या शिक्षणाची फी सरकार भरते. अट अशी की मध्य प्रदेश मंडळाच्या बारावीत ७० टक्के किंवा केंद्रीय मंडळाच्या बारावीत ८५. आता आमच्यातली कितीतरी घरे मराठीसाठी मुलांना रावेर-भुसावळकडे मामाकडे ठेवून शिकवतात. ती मुले महाराष्ट्र मंडळाची. मध्य प्रदेश म्हणतो, मंडळ आमचे नाही. महाराष्ट्र म्हणतो, अधिवास आमचा नाही. कर्नाटकाशी वादातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने व्यावसायिक अभ्यासक्रमांत वेगळी सोय ठेवली आहे, आणि ती योग्यच आहे. पण आमच्या गावावर कुणाचा वाद नाही. वाद नाही म्हणून सोयही नाही.

मागच्या जूनमध्ये आमच्या शेजारणीची नात दहावी झाली. तिला रावेरच्या मामाकडे पाठवायचे घरात ठरले होते. आजीने मला विचारायला बोलावले. मी तिच्यापुढे दोन कागद ठेवले आणि एकेक अट वाचून दाखवली. आजी पदर सारखा करत बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे भाऊ, मराठी शिकवायची तर फी आम्ही भरायची, असंच ना?" मी मान हलवली. मुलीने अकरावीचा फॉर्म बऱ्हाणपूरचाच भरला. मराठी मी तिला रविवारी शिकवतो. जुने दिवाळी अंक काढून ठेवले आहेत.