पोटविषाणू

लॅटिनमध्ये ‘व्हायरस’ म्हणजे विष. संस्कृतातलं ‘विष’ हे त्याचंच भावंड, दोघांचं मूळ एक. त्याला ‘अणू’ जोडून आपण ‘विषाणू’ केला, तो नकळत नात्यातलाच निघाला. पण नावातच विष आल्यावर त्याच्याबद्दल बरं कोण बोलणार?

विष कुणाला, हे मात्र विचारावं. पारोळ्याच्या कृषी केंद्रात कपाशीवाला शेतकरी ‘मावा-तुडतुड्याचं औषध’ मागतो. बाटलीवर विषारीपणा सांगणारा रंगीत त्रिकोण असतो, तरी तोंडात शब्द ‘औषध’च. बोलणारा किडीच्या नव्हे, कपाशीच्या बाजूचा असतो.

जिवाणूंनाही विषाणू गाठतात. बरेचसे त्यांना फोडून बाहेर पडतात. काही मात्र आपली जनुकं जिवाणूच्या गुणसूत्रात घुसवून तिथेच मुक्काम ठोकतात. पुढे बाहेर पडायची जनुकं बिघडली, की कायमचे अडकतात. अशांना शास्त्रज्ञ ‘क्रिप्टिक प्रोफेज’ म्हणतात. ग्रीक ‘क्रिप्टोस’ म्हणजे दडलेला.

मराठीत मी ‘पोटविषाणू’ म्हणेन. पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू: एकाच्या आत दुसरं असलं की आपण ‘पोट’ लावतो. सातबाऱ्यावरचा पोटखराबाही तसाच. खडक, नाला, क्षेत्रात मोजायचा, लागवडीत धरायचा नाही. हे अडकलेले तुकडेही बराच काळ असेच खराब्यात जमा होते.

२०१० मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या टॉमस वुड यांच्या गटाने ई. कोलाय के-१२ या जिवाणूतले असे ९ च्या ९ तुकडे काढून टाकले. जिवाणू जगला, पण क्विनोलोन आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली बीटा-लॅक्टम प्रतिजैविकं त्याला आधीपेक्षा जास्त बाधू लागली. त्या तुकड्यांत ‘किलआर’, ‘डिकबी’ अशी प्रथिनं बनवणारी जनुकं होती. ती पेशीचं विभाजन रोखतात. ‘किल’ हे नावच मारण्यावरून पडलेलं. पण पेनिसिलिनचा घाव बसतो तो वाढत्या, भिंत बांधत्या पेशीवर. अशा वेळी विभाजन थांबवणारा जिवाणू तगून जातो.

‘पोट’चा आणखी एक अर्थ इथे कामी येतो. ‘पोटचा’ म्हणजे स्वतःचा, रक्ताचा. जिवाणू दुभंगतो तेव्हा ही जनुकं दोन्ही लेकींकडे वारशाने जातात. पोटभाडेकरू म्हणून शिरलेला विषाणू पिढ्यांमागून पिढ्या पोटचा होऊन बसतो, आणि आपण गोळी घेतो तेव्हा घरच्यांच्याच बाजूने लढतो.