अंगठ्यापासून स्वाक्षरीपर्यंत : प्रौढ साक्षरता आणि हाताचे कौशल्य

मुळशी तालुक्यातील कासार आंबोली हे गाव पुणे-पौड रस्त्यावर पिरंगुटनजीक वसलेले आहे. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा १९९७ पासून येथे आहे. मुलींच्या शिक्षणाची अशी सोय ज्या गावात झाली, त्या गावाच्या निमित्ताने आम्ही वाचकांसमोर एक निराळा प्रश्न ठेवू इच्छितो. ज्यांचे शाळेचे वय कधीच मागे पडले, त्या ग्रामीण स्त्री-पुरुषांच्या शिक्षणाचे काय?

अक्षराची किंमत

मुळशीच्या मावळ्याने ही किंमत पूर्वीच मोजली आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्या वेळी पुष्कळशा जमिनी कर्जापायी सावकारांच्या नावे झालेल्या होत्या. कसणारा एक आणि कागद दुसऱ्याचा, अशी स्थिती होती. आज पुणे शहर तालुक्याच्या वेशीशी आले आहे आणि शेतजमिनीला गिऱ्हाइकांची वाण नाही. सातबारा, फेरफार, खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र हे शब्द घराघरांत शिरले आहेत. वाचता न येणारा मनुष्य अशा कागदावर अंगठा उठवितो, तेव्हा तो दुसऱ्याच्या शब्दावर आपली जमीन ठेवीत असतो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण ८२.३ टक्के होते. पुरुषांत ते ८८.४ टक्के, तर स्त्रियांत ७५.९ टक्के होते. म्हणजे सात वर्षांवरील दर चार स्त्रियांपैकी जवळजवळ एक निरक्षर होती.

आजवरचे प्रयत्न

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व कष्टकरी यांच्यासाठी रात्रशाळा सुरू केली. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम निघाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता अभियानाचा आरंभ झाला. १५ ते ३५ या वयोगटावर त्याचा भर होता.

या प्रयत्नांनी लक्षावधी लोकांना अक्षरओळख झाली. परंतु वर्ग संपल्यावर पुष्कळजण पुन्हा निरक्षरतेकडे घसरले. याचे कारण शिकणाऱ्यांच्या बुद्धीत शोधू नये. शिकलेले अक्षर वापरण्याचे काम रोजच्या व्यवहारात नसेल, तर ते वर्षभरात पुसले जाते. प्रौढ व्यक्तीला अक्षर टिकविण्यासाठी त्याची गरज भासावी लागते.

म्हसवड आणि पाबळ

सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील स्त्रियांनी चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने बँक काढण्याचे ठरविले. प्रवर्तकांपैकी अनेकींचे अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. त्या स्त्रिया खचल्या नाहीत. त्या लिहा-वाचायला शिकू लागल्या, काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि तोंडी व्याज काढून दाखविण्याची तयारी त्यांनी दर्शविली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशेब त्यांना पूर्वीपासून येत होता. अक्षराची जोड मिळताच त्या हिशेबाला मान्यता मिळाली.

पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळेत न रमलेली मुले तेथे अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या चार विभागांत प्रत्यक्ष काम करीत शिकतात. वेल्डिंग करताना मोजमाप येते आणि कोंबड्या पाळताना खाद्याचा खर्च मांडावा लागतो. गावाची कामे करून द्यायची आणि त्यातूनच शिकायचे, ही तेथील रीत आहे.

सध्याच्या सोयी

केंद्र शासनाचा ‘उल्लास’ अर्थात नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला आहे. १५ वर्षे व त्यापुढील निरक्षरांसाठी तो असून स्वयंसेवक शिकवितात. वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० गुणांची परीक्षा होते. महाराष्ट्रात ती प्रथम १७ मार्च २०२४ रोजी झाली. कौशल्यासाठी जन शिक्षण संस्थान ही योजना आहे. तिचे मूळ १९६७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या श्रमिक विद्यापीठात आहे. निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांना तेथे प्रशिक्षण मिळते.

गावात वर्ग कसा असावा

भाताच्या लावणीत व कापणीत मुळशीचे शिवार माणसांनी भरलेले असते. त्या दिवसांत वर्ग ओस पडणारच. म्हणून वेळापत्रक शेतीच्या हंगामाप्रमाणे ठेवावे. स्त्रियांसाठी वेळ त्यांनाच विचारून ठरवावी. पहिला धडा स्वतःच्या नावाचा असावा. मात्र सही आली म्हणजे साक्षरता आली, असे मानू नये. त्यापुढे बँकेचे पासबुक, रेशनकार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, सातबाऱ्यावरील हेक्टर-आर, औषधाची मुदत हे धडे यावेत. कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल रंगाची खूण सर्वांत जहाल विष दर्शविते, हे फवारणी करणाऱ्याला ठाऊक हवे. आणि किती लिटर पाण्यात किती मिलिलिटर औषध घालावे, हे त्याला वाचताही यावे. शिवणकाम शिकणाऱ्या भगिनीने मापांची वही आणि उधारीचा हिशेब स्वतः लिहावा. असे झाल्यास कौशल्य आणि अक्षर एकमेकांना धरून राहतात.

पोप पॉल सहावे यांनी १९६७ च्या ‘पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात मूलभूत शिक्षणाला विकासाच्या योजनेत अग्रस्थान दिले. आपल्या धर्मग्रामांची सभागृहे सायंकाळी बहुधा रिकामी असतात. निवृत्त शिक्षक आणि महाविद्यालयीन तरुण आपल्यात आहेत. आठवड्यातील तीन सायंकाळी, जात-धर्म न पाहता, दहा प्रौढांसाठी दिवा लावणे कोणत्याही धर्मग्रामाला जड नाही. पुढील वेळी एखादा कागद समोर आला, तर या दहांपैकी प्रत्येकाने तो आधी वाचावा आणि मगच सही करावी, एवढे साधले तरी वर्गाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.