रेयुनियन

हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागातील ज्वालामुखीजन्य बेट व फ्रान्सचा सागरपार प्रांत. क्षेत्रफळ 2,512 चौ. किमी.; लोकसंख्या नऊ लाखांच्या जवळपास. मादागास्करच्या पूर्वेस सुमारे 700 किमी. व मॉरिशसच्या नैर्ऋत्येस सुमारे 175 किमी.वर, मकरवृत्ताच्या किंचित उत्तरेस ते वसले आहे. राजधानी सँ-दनी उत्तर किनाऱ्यावर आहे. रेयुनियन, मॉरिशस आणि रॉड्रिग्ज मिळून मास्करीन बेटे होतात.

समुद्रावर दिसणारे बेट हा एका प्रचंड डोंगराचा केवळ शेंडा आहे. त्याचा पायथा सुमारे 4,000 मी. खोल सागरतळावर असून तेथे त्याची रुंदी 200 किमी.हून अधिक भरते. तळापासून माथ्यापर्यंत उंची सुमारे 7,000 मी. होते. लाव्हाच्या थरांवर थर साचून हा डोंगर वाढला आणि सुमारे 20 लाख वर्षांपूर्वी पाण्याबाहेर आला. बेटावर दोन ज्वालामुखी एकमेकांना चिकटून उभे आहेत : वायव्येचा जुना पितों दे नेज (3,070 मी.) हा हिंदी महासागरातील बेटांवरचा सर्वोच्च पर्वत, तर आग्नेयेचा पितों द ला फूर्नेझ (2,632 मी.) आजही जागा आहे.

या बेटाखाली पृथ्वीच्या प्रावरणातून तप्त खडक वर येतो व कवचाजवळ अंशतः वितळतो. अशा जागेला तप्तबिंदू किंवा हॉटस्पॉट म्हणतात. बहुतेक ज्वालामुखी भूपट्टांच्या कडांवर असतात. रेयुनियन मात्र पट्टाच्या अंतर्भागात आहे. टूझो विल्सन यांनी 1963 मध्ये हवाई बेटांच्या संदर्भात मांडलेल्या आणि जेसन मॉर्गन यांनी 1971 मध्ये पुढे नेलेल्या कल्पनेने या कोड्याचा उलगडा झाला. उष्णतेचा स्रोत खाली जवळपास जागच्या जागी राहतो, वरचा भूपट्ट सरकत राहतो. परिणामी जुने ज्वालामुखी दूर जाऊन विझतात व स्रोतावर नवे उभे राहतात. बेटांच्या अशा माळेत वय एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने वाढत जाते.

रेयुनियनची माळ उत्तरेकडे शोधत गेल्यास ती थेट महाराष्ट्रात पोहोचते. मॉरिशसचे सर्वांत जुने खडक सुमारे 80 ते 90 लाख वर्षांपूर्वीचे आहेत. त्याच्या उत्तरेस नाझारेथ हा बुडालेला उथळ भाग आहे. त्याच्या तळचा बेसाल्ट 3 कोटी वर्षांहून जुना आहे. पुढे चागोस सुमारे 4.9 कोटी आणि मालदीव सुमारे 5.7 कोटी वर्षांपूर्वीचे. त्यापलीकडे लक्षद्वीपची रांग, आणि शेवटी सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे दख्खनचे लाव्हापठार. सागरतळ खणणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेने 1987 मध्ये या मार्गावर खोल छिद्रे पाडून खडकांचे नमुने वर काढले. त्यांच्या कालमापनाने हा क्रम पक्का झाला.

माळ मध्येच तुटलेली दिसते, त्याला कारण आहे. सुमारे 3.5 कोटी वर्षांपूर्वी मध्य हिंदी महासागरातील सागरी कटक या तप्तबिंदूवरून सरकला. त्यामुळे जुना भाग भारताच्या बाजूच्या पट्टावर राहिला, नवा आफ्रिकेच्या बाजूच्या पट्टावर उभा राहिला, आणि कटकापाशी नवा सागरतळ तयार होत गेल्याने दोन्ही भाग एकमेकांपासून दूर गेले. मालदीव, लक्षद्वीप आणि चागोस येथे आज ज्वालामुखीचा मागमूस दिसत नाही. थंड होऊन खचणाऱ्या डोंगरांवर प्रवाळांनी चुनखडी रचत नेली व तिच्याच कंकणाकृती बेटांवर आजच्या वस्त्या आहेत. सेशेल्सची मुख्य बेटे मात्र या माळेतली नव्हेत : ती ग्रॅनाइटची असून दख्खनच्या लाव्हाकाळानंतर भारतापासून तुटलेल्या भूखंडाचे तुकडे आहेत.

दख्खन आणि रेयुनियन यांचे उगमस्थान एक मानले जात असले, तरी दोन्हीकडचे उद्रेक फार वेगळे. सर्वमान्य प्रतिरूपानुसार वर येणारा तप्त खडकाचा स्तंभ अळंब्यासारखा असतो : आधी रुंद माथा कवचाला भिडतो, मागून अरुंद देठ येत राहतो. माथा भिडला तेव्हा आजचा महाराष्ट्र विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. लांबच लांब भेगांतून लाव्हा उसळला व शेकडो किलोमीटर पसरला. त्याने आजही सुमारे 5 लाख चौ. किमी. प्रदेश व्यापलेला आहे. सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे, अजिंठा-वेरूळची लेणी ज्यात कोरली तो कातळ आणि कापसाची काळी माती ही त्याचीच देन. देठावर मात्र मुंबईपासून सुमारे 4,800 किमी.वर हे एवढेसे बेट उभे राहिले.

पितों दे नेजचा शेवटचा उद्रेक सुमारे 12,000 वर्षांपूर्वीचा. त्यानंतर तेथे पावसाचे राज्य आहे. शिखराभोवती सिलाओस, माफात व सालाझी ही तीन विशाल कुंडे असून त्यांच्या भिंती काही ठिकाणी हजार मीटरपर्यंत उभ्या चढतात. ती ज्वालामुखीची विवरे नव्हेत. कडे कोसळून व नद्यांनी खडक कोरून ती बनली आहेत. पावसाचे अनेक जागतिक उच्चांक याच बेटावर नोंदले गेले. फॉक-फॉक येथे 7-8 जानेवारी 1966 रोजी 24 तासांत 1,825 मिमी. पाऊस पडला. फेब्रुवारी 2007 मध्ये गामेद चक्रीवादळात कोमरसों विवरापाशी 72 तासांत 3,900 मिमी.हून अधिक, म्हणजे मुंबईत संपूर्ण पावसाळ्यात पडतो त्याहून पुष्कळच जास्त. माफातमध्ये आजही मोटाररस्ता नाही. तेथे पायी किंवा हेलिकॉप्टरनेच जावे लागते.

पितों द ला फूर्नेझ हा ढाल ज्वालामुखी जगातील सर्वाधिक सक्रिय ज्वालामुखींपैकी एक आहे. सतराव्या शतकापासून त्याचे 150हून अधिक उद्रेक नोंदले गेले आहेत. लाव्हा पातळ असल्याने स्फोट क्वचितच होतात. डोंगराच्या अंगावर भेग पडते, आगीचे कारंजे उडते आणि प्रवाह समुद्राकडे उतरतो. बहुतेक उद्रेक आंक्लो फुके या पूर्वेस समुद्राकडे उघड्या, निर्मनुष्य महाकुंडात होत असल्याने जीवितहानी टळते. एप्रिल 1977 चा उद्रेक अपवाद ठरला. लाव्हा महाकुंडाबाहेर फुटून पितों सँत-रोझ गावात शिरला व घरे गाडली गेली. लोक आधीच हलवल्याने प्राणहानी झाली नाही. प्रवाह चर्चच्या दारापाशी येऊन दुभंगला व दोन्ही अंगांनी पुढे गेला. थिजलेल्या काळ्या लाव्हाच्या वेढ्यातले ते चर्च आज ‘लाव्हाची माता’ या अर्थाच्या नावाने ओळखले जाते. या उद्रेकानंतर डोंगराजवळ कायमची वेधशाळा उभारण्यात आली. एप्रिल 2007 मध्ये शिखराखालचा शिलारस खाली वाहून गेल्याने दोलोमिय विवराचा तळ 300 मी.हून अधिक खचला.

बेटावर मूळ वस्ती नव्हती. सतराव्या शतकात फ्रेंचांनी वसाहत केली तेव्हा त्याचे नाव बूर्बों होते. आजचे नाव 1793 चे. कॉफी आणि नंतर ऊस यांच्या मळ्यांसाठी आफ्रिका व मादागास्करमधून गुलाम आणले गेले; पळून गेलेले अनेकजण दुर्गम कुंडांत वसले. 20 डिसेंबर 1848 रोजी गुलामगिरी संपली आणि मळ्यांवर भारतातून, मुख्यतः तमिळ प्रदेशातून, करारबद्ध मजूर आले. बेट 1946 मध्ये फ्रान्सचा प्रांत झाले. व्हॅनिलाच्या फुलांचे हाताने परागण करण्याची सोपी रीत 1841 मध्ये येथेच एदमों आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. बेटाचा अंतर्भाग 2007 पासून राष्ट्रीय उद्यान असून त्यातील शिखरे, कुंडे व कडे 2010 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. वस्ती व शेती मुख्यतः किनाऱ्यालगत आहे. पूर्व किनाऱ्याचा हमरस्ता लाव्हाने अनेकदा गाडला गेला आहे. दर वेळी थिजलेल्या प्रवाहावरून तो नव्याने बांधला जातो.