चिती व वृत्तचितीचे घनफळ

चिती म्हणजे एकरूप व समांतर असे दोन पाये असलेली घनाकृती होय. पाया वर्तुळाकार असल्यास तिला वृत्तचिती म्हणतात. दोहोंचे सूत्र एकच आहे:

घनफळ = पायाचे क्षेत्रफळ × उंची

चिती तिरपी असली तरी उंची कडेने न मोजता लंबाने मोजतात. ७ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत ४ मीटर पाणी असल्यास २२/७ × ३.५ × ३.५ × ४ = १५४ घनमीटर, म्हणजे १,५४,००० लिटर पाणी असते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शेततळ्यांना मात्र हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. माती ढासळू नये म्हणून त्यांच्या बाजू उतरत्या ठेवतात. ३० × ३० × ३ मीटरचे तळे चिती मानल्यास २,७०० घनमीटर येतात. पण उतार १:१ असल्यास तळ २४ × २४ मीटरच उरतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील (सुमारे ११५०) खातव्यवहारात अशा खड्ड्यांचा नियम आहे. मुखाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि दोहोंच्या संगत बाजूंच्या बेरजांपासून होणारे क्षेत्रफळ यांच्या बेरजेस ६ने भागून खोलीने गुणावे:

(९०० + ५७६ + ५४ × ५४) ÷ ६ × ३ = २,१९६ घनमीटर

फरक ५,०४,००० लिटरचा पडतो. उन्हाळ्यात मोसंबीच्या बागेसाठी तो किरकोळ नाही. बाजू सरळ उभ्या असल्यास हाच नियम पुन्हा 'क्षेत्रफळ × खोली' असा होतो.