चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकाचे पुनरागमन

राष्ट्रसभेने १९३८ साली चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकाचा इतिहास मराठी वाचकांस मुख्यतः एकाच व्यक्तीच्या चरित्रातून परिचित आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनमध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी निधन पावले. त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्या आधारे चित्रपट काढला. पाचांपैकी एक परत आला नाही, ही गोष्ट अब्बास यांच्या ग्रंथनामातच गोवलेली आहे. जे चौघे परत आले, त्यांचे परतणे कसे झाले आणि पुढे काय घडले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत निबंधात त्याचाच विचार करावयाचा आहे.

१९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे साह्य मागितले. सुभाषचंद्र बोस त्यानंतरच्या वर्षी राष्ट्रसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकीर्दीत निधी उभारण्यात आला, औषधे व उपकरणे जमविण्यात आली, आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून निघाले. स्पेनच्या यादवी युद्धात काम केलेले डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर हे वयाने ज्येष्ठ, तर डॉ. कोटणीस, डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी हे तरुण होते. मुदत एका वर्षाची ठरली होती. वर्ष संपताच प्रत्येकाने आपापल्या व्यवसायात परतावे, हे त्यात गृहीत होते. मिळालेल्या अनुभवाचा स्वदेशी काय उपयोग करावयाचा, या विचारास पथकाच्या रचनेत स्थान दिसत नाही.

या उणिवेचे परिणाम पुनरागमनाच्या क्रमातच दिसून येतात. चोळकर व मुखर्जी १९३९ साली परतले. मुखर्जींना मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रासले होते, व पुन्हा चीनला जाण्याची त्यांची इच्छा पुढे सफळ झाली नाही. ज्या अध्यक्षांनी पथक पाठविले, त्या सुभाषबाबूंनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये पदत्याग केला होता. वर्षअखेरीस प्रांतिक मंत्रिमंडळांनीही राजीनामे दिले. १९४० साली प्रकृतीच्या कारणाने अटल परतले. बसू १९४३ साली आले, तेव्हा तर पाठविणारी संस्थाच बंदीखाली होती. नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते आणि बंगालमध्ये दुष्काळाने थैमान मांडले होते. पाच वर्षांच्या कामाचा वृत्तांत ज्यांच्यापुढे ठेवावयाचा, तेच तुरुंगात होते. परतणाऱ्याची निराशा येथे स्वभावजन्य नव्हती. तिचे मूळ राजकीय परिस्थितीत होते.

कोटणिसांचा मार्ग या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे ते पदवीधर होते, आणि पथकात सामील झाले तेव्हा पुढील पदव्युत्तर अभ्यास त्यांच्या डोळ्यांपुढे होता. चीनमध्ये असतानाच पित्याच्या निधनाची वार्ता आली, तरीही ते परतले नाहीत. अनेकदा याचे श्रेय केवळ त्यागवृत्तीस दिले जाते. तथापि भाषेचा भागही येथे दुर्लक्षिण्याजोगा नाही. ते चिनी लिहूवाचू लागले, त्या भाषेतून शिकवू लागले, आणि शस्त्रक्रियेवरील पाठ्यग्रंथाचे लेखन त्यांनी हाती घेतले. जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षाच्या अखेरीस क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. ज्यास नवी भाषा, शिष्यवर्ग व संसार मिळाला, त्याच्या दृष्टीने 'पुढे काय' या प्रश्नाचे उत्तर तेथेच सिद्ध झाले होते.

पाचही वैद्यांना मिळालेल्या चिनी नावांतून हा द्वंद्वभाव लक्षात येतो. प्रत्येक नावाच्या अखेरीस चीनवाचक 'ह्वा' हे पद जोडलेले होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये जन्मलेल्या कोटणिसांच्या पुत्राचे नाव यिन्ह्वा ठेवण्यात आले, त्यात 'यिन्' म्हणजे भारत. वैद्यांच्या नावांत मूळ आडनावाचे ध्वनिसाम्य राखून चीनशी नाते जोडले होते. पुत्राच्या नावात दोन्ही देश शब्दशः एकत्र आले. परतलेल्यांच्या व्यवहारात या नावांचे पुढे काय उरले, याचा विचार करताना बसूंचे उदाहरण विशेष बोधक ठरते.

बसूंनी चीनशी संबंध तुटू दिला नाही. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा तेथे गेले, सूचीचिकित्सेचे शिक्षण घेऊन आले, आणि १९५९ पासून त्यांनी कलकत्त्यात ती पद्धती सुरू केली. १९६२ च्या सीमायुद्धानंतर चिनी विद्येविषयी अनुकूल वातावरण राहिले नाही, तरीही त्यांचे कार्य चालू राहिले. कोटणिसांच्या स्मृतीसाठी स्थापन झालेल्या समितीच्या कार्यातही त्यांचा पुढाकार होता. म्हणजे १९४३ साली परतलेल्या वैद्याच्या अनुभवास स्वदेशी निश्चित रूप येण्यास सुमारे सोळा वर्षे लागली, आणि तेही दुसऱ्या प्रवासानंतर व स्वतःच्या हिमतीवर.

सारांश, या पथकाची पाठवणी संघटित होती, परतणे मात्र ज्याचे त्याचे होते. न परतलेल्याची स्मृती राष्ट्राने जपली, हे योग्यच झाले. परंतु दूरदेशी जाऊन सेवा केलेल्यांचा अनुभव स्वदेशास उपयोगी पडावा अशी इच्छा असेल, तर निरोपसमारंभाबरोबरच पुनरागमनाचीही तजवीज करणे हे पाठविणाऱ्या संस्थेचे कर्तव्य ठरते. १९३८ चे पथक हा त्या कर्तव्याचा आपल्या इतिहासातील एक अपुरा राहिलेला धडा होय.